वाचकांचे प्रश्न : हात वाद्याचे, हँडल सायकलचं

यावेळच्या पत्रांमध्ये एक गोष्ट सारखी दिसत होती. वाद्य वाजवणारी बरीच मंडळी सायकल चालवायला लागलीयेत, कोणी ऑफिसला जायला कोणी रविवारी घाट चढायला, आणि त्यांची तक्रार गुडघ्याची नाही, कमरेची नाही, हाताची आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हातांच्या तक्रारी रोज बघते, म्हणून यावेळचं सगळं पान याच पत्रांना देतेय.

मी २७ वर्षांचा आहे, आयटीत नोकरी करतो, लहानपणापासून तबला शिकतोय आणि आता साथीला छोटे कार्यक्रम मिळायला लागलेत. सरळ हँडलची हायब्रिड सायकल घेतलीये, आठवड्यात एकदोनदा खडकवासला आणि रविवारी सिंहगड पायथा. हल्ली परत आलो की दोन्ही हातांची करंगळी आणि अनामिका बधिर असते, आधी तासाभरात जायचं, आता दुपारपर्यंत राहतं. परवा रियाजाला बसलो तर तिरकिट (जलद वाजवायचा एक बोल) फाटत होतं, दुखत काहीच नव्हतं पण बोटं आपली वाटत नव्हती. गुरुजी म्हणतात सायकल विकून टाक. काय करू? – तबलावादक, पुणे

सायकल विकू नका, पण हात पूर्ण ठीक होईपर्यंत लांबची राईड बंद ठेवा आणि गुरुजींच्या काळजीला हसण्यावारी नेऊ नका, कारण त्यांनी जे ओळखलंय ते बरोबर आहे, हाताला काहीतरी होतंय.

काय होतंय ते आधी सांगते. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण जाते ना, तीच नस, अल्नर नर्व्ह, खाली मनगटापर्यंत येते आणि तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला दोन छोट्या हाडांच्या मधून आत शिरते. या वाटेला गियॉन कॅनाल म्हणतात, गियॉन नावाच्या फ्रेंच सर्जनने १८६१ मध्ये तिचं वर्णन केलं. तिथे नसेच्या वर जाड स्नायूची गादी नसते. आता तुम्ही हँडलवर भार टाकून तासभर बसलात की अंगाचं वजन नेमकं त्याच जागेवर येतं आणि खालून रस्त्याचे हादरे, आपल्या रस्त्यांबद्दल वेगळं काय लिहायचं. सायकलवाल्यांमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची आहे की डॉक्टरांच्या पुस्तकात तिला हँडलबार पाल्सी असंच नाव आहे.

आयटीवाल्याला दोन बोटं बधिर झाली तर टायपिंग जरा चुकेल. तबलजीचं तसं नाही. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या चकतीच्या, कडेला टेकलेली असते, तिचा दाब जरा इकडेतिकडे झाला की बोल बदलतो. तिरकिटमध्ये मधलं बोट आणि अनामिका एकजीव पडावी लागतात. धिरधिरला तळहाताची करंगळीकडची बाजूच पुडीवर येते. आणि डग्ग्यावर घुमारा काढताना, दाबघास करताना तळहाताचा मनगटाजवळचा भाग तुम्ही दाबून सरकवता, म्हणजे सकाळी हँडलने जिथे दाबलं तिथेच संध्याकाळी डग्ग्याने परत दाबायचं. ज्या भागाला विश्रांती हवी त्याला दिवसभर विश्रांतीच मिळत नाही, तुमच्या बाबतीत मला हेच मुख्य कारण वाटतं.

मला बधिरपणापेक्षा 'तिरकिट फाटत होतं' याची जास्त काळजी वाटते. ही नस तळहातात शिरल्यावर तिचे दोन फाटे होतात, एक स्पर्शाचा आणि एक आत खोल जाणारा, जो बोटं फाकवणाऱ्या आणि जवळ आणणाऱ्या बारीक स्नायूंना चालवतो. कधीकधी फक्त खोलचाच फाटा दबतो, मग ना मुंग्या ना दुखणं, फक्त ताकद जाते, आणि माणूस म्हणतो दुखत नाही म्हणजे काही नाही. घरी बघून घ्या. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एक कागद सपाट धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा, कागद धरून ठेवायला अंगठ्याचं वरचं पेर वाकवावं लागत असेल तर स्नायू कमी पडतोय. मधलं बोट तर्जनीवर चढवून बघा, चढतंय का नीट. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी ठेवून बघा, एकीकडे खड्डा पडलाय का. आणि हाताच्या पाठीवरून, करंगळीच्या बाजूने बोट फिरवा. तळहातात बधिर पण मागून स्पर्श नीट कळतोय तर अडचण बहुतेक मनगटात आहे, मागूनही बधिर असेल तर कोपर किंवा मान बघावी लागेल, दिवसभर लॅपटॉपसमोर कोपर टेकवून बसता ते लक्षात घेऊन. यातलं ताकदीचं काहीही कमी आढळलं तर हाताच्या सर्जनकडे किंवा न्यूरोलॉजिस्टकडे याच आठवड्यात जा, ते एनसीव्ही टेस्ट सांगतील, नसेतून संदेश किती वेगाने जातो ते त्यात बघतात. नुसता बधिरपणा असेल तर दाब काढल्यावर बहुतेकांचा काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातो, ताकद गेली तर परत यायला महिने लागू शकतात.

आता सायकल. हातावर वजन का येतं हे बघायला हँडलकडे नाही, सीटकडे बघा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि प्रत्येक पेडलला हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. बऱ्याच जणांनी सीट टोचते म्हणून टोक खाली केलेलं असतं आणि मग हात का बधिर होतात ते कळत नाही. सीटवर एक सपाट पट्टी ठेवा, तिच्यावर फोनमधलं लेव्हलचं अॅप, आणि सीट सपाट करा. सीट फार उंच असेल तरी तेच होतं. मग हँडल किती लांब आहे ते, कोपरं ताठ करूनच हँडल हातात येत असेल तर लांब आहे, दुकानातून आखूड स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, लावून घ्या किंवा खालच्या रिंगा हलवून हँडल वर करून मिळतं का विचारा, मोठा खर्च नाही. ब्रेकचे लिव्हर फिरवून असे ठेवा की ब्रेकवर बोटं असताना हाताची पाठ आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत येईल, मनगट मागे मोडायला नको.

बरोबर बसलंय की नाही याची तबलजीसाठी सोपी खूण आहे, रिकाम्या सपाट रस्त्यावर सायकल चालत असताना हँडलवर बोटांनी ठेका धरता आला पाहिजे, चांगला मोकळा तीनताल. बोटं उचलली की पुढे पडायला होतंय तर वजन अजून हातातच आहे. ते वजन पोट आणि पाठीने पेलायचं असतं, त्यासाठी सेतुबंधासन आणि शलभासन करा, मनगटावर भार येणारी आसनं आणि दंड मात्र सध्या नकोत.

टायरमध्ये दगडासारखी हवा भरून घेऊ नका. बाजूला कमाल म्हणून छापलेला आकडा ही मर्यादा आहे, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. हायब्रिडच्या जाड टायरला त्याहून बरीच कमी हवा चालते, पंपाला मीटर असेल तर थोडी थोडी कमी करत जा आणि हाताला काय वाटतं ते बघा. खड्डा किंवा स्पीडब्रेकर आला की सीटवरून किंचित उठा, गुडघे कोपरं सैल, सायकलला खाली हलू द्या, हँडल आवळून धरलं की हादरा सरळ मनगटात येतो. आणि कधी वर गडापर्यंत गेलात तर उतरताना मध्ये मध्ये थांबा, त्या घाटात सलग ब्रेक दाबून हात असा भरून येतो की त्या दिवशी रेला, म्हणजे जलद बोलांची सलग लड, विसरा.

रियाजाबद्दल एकच गोष्ट पण ती पाळाच. बोटं बधिर असताना वाजवू नका, बधिर बोटाला आपण किती जोरात मारतोय हे कळत नाही आणि माणूस नकळत दुप्पट जोर लावतो, बोल आणि सांधे दोन्ही बिघडतात. राईडच्या दिवशी रियाज आधी, सायकल नंतर. तेवढ्यात सूर्य डोक्यावर येतो हे मान्य आहे, मग राईड संध्याकाळी करा.

वय ५२, सांगली. आमच्या भजनी मंडळात मी पेटी वाजवते. वजन कमी व्हावं म्हणून मुलीची जुनी सायकल काढली, भाजी, बँक, मंडळ सगळं सायकलवरच. आता रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. सकाळी पेटीवर बोटं जड पडतात. सायकलमुळेच का?

ताई, सायकलचा हात आहे पण एकटीचा नसावा. तुमची बोटं वेगळी आहेत बघा, वरच्या पत्रात करंगळीकडची दोन होती, तुमच्यात अंगठ्याकडची तीन. ही मीडियन नावाची दुसरी नस, ती मनगटाच्या मधोमध कार्पल टनेलमधून जाते, आणि रात्री जाग येऊन हात झटकणं ही तिची अगदी ओळखीची तक्रार. मनगट मागे वाकलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो, आणि सायकलवर तुम्ही मनगट मागे वाकवूनच हँडल धरत असणार.

पण या वयात ही तक्रार घेऊन आलेल्या बाईला मी आधी साखर आणि थायरॉईड तपासायला सांगते. दोन्हींमध्ये हा त्रास होतो, पाळी जाण्याच्या आसपासही होतो. ते रिपोर्ट येऊ द्या, सायकलवर सगळं ढकलून मोकळं होऊ नका.

तोवर रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा, मेडिकलमध्ये मिळतो, आवळून नाही, नुसतं मनगट मुडपू नये इतपत. पुढच्या बास्केटमधली भाजी मागच्या कॅरिअरवर न्या. बास्केट भरली की हँडल एका बाजूला ओढतं आणि ते सावरायला तुम्ही पूर्ण वेळ मूठ आवळलेली ठेवता, हे बायकांच्या लक्षातच येत नाही कारण सवय झालेली असते. हँडल वर उचलून घ्या, पाठ सरळ बसेल इतकं, आणि मुठी गोल रबराच्या असतील तर तळहात टेकायला पसरट पान असलेल्या बसवून घ्या, मनगट आपोआप सरळ राहतं.

पेटीवरही तेच बघा. जमिनीवर बसून वाजवताना पेटी मांडीच्या मानाने उंच असेल तर उजवं मनगट पट्ट्यांच्या खाली लोंबतं आणि बोटं वर चढवावी लागतात. खाली घडी घातलेली चादर घेऊन स्वतः जरा उंच बसा. भात्याचा हात दर गजराला खांद्यापासून सोडा. दोनतीन आठवड्यांत रात्रीची जाग थांबली नाही किंवा अंगठ्याने सुईदोरा धरायला जड जाऊ लागलं तर डॉक्टरांकडे जा, अंगठ्याच्या मुळाशी मांस कमी झालेलं दिसलं तर त्या आधीच.

नाशिकहून लिहितोय. बासरी वाजवतो, पन्नालाल घोष यांच्या पद्धतीची सात भोकांची. डिसेंबरमध्ये २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) करायची आहे आणि नंतर आठवड्यात कार्यक्रम. मित्र म्हणतात जाड जेलचे ग्लोव्हज घे, काही होणार नाही. खरं का?

अर्धं खरं. ग्लोव्हज हवेत, पण जाडीवर जाऊ नका. फार जाड गादी असली की हँडल जाड होतं आणि धरायला उलट जास्त जोर लागतो. गादी नसेच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना असावी आणि मध्ये खोलगट, म्हणजे वजन बाजूंवर जातं. हँडलला बार टेपचे, म्हणजे हँडलवर गुंडाळायच्या मऊ पट्टीचे, दोन थर गुंडाळून घ्या, रोड बाईक असेल तर, त्याचा फायदा मला ग्लोव्हजपेक्षा जास्त वाटतो.

२०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. एवढा वेळ एकाच जागी हात ठेवून कुठलाच ग्लोव्ह वाचवणार नाही, हात फिरवत राहणं हाच उपाय. ब्रेकच्या डोक्यावर, वरच्या सपाट भागावर, खालच्या वाकावर, दर थोड्या मिनिटांनी जागा बदला, मुंग्या यायची वाट बघू नका. ब्रेकच्या डोक्यावर हात ठेवताना भार अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात येऊ द्या, तळहाताच्या करंगळीकडच्या कोपऱ्यावर नको. कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, शिक्का घ्यायला थांबलात की आधी ग्लोव्हज काढा, बोटं फाकवा, हात खाली सोडून हलवा, मग चहा.

बासरीवाल्याला हे सगळ्यात जास्त का लागू होतं ते तुम्हाला माहितीच आहे. अनामिकेच्या पेराला भोक पूर्ण झाकलंय की नाही हे नुसत्या स्पर्शाने कळायला लागतं, जरा बधिर असलं की हवा निसटते आणि खालचे स्वर फुटतात. तुमच्या पद्धतीत तर सातव्या भोकावर करंगळी येते, म्हणजे ज्या बोटाला हँडल आधी मारतं त्यालाच तुम्ही काम दिलंय.

डिसेंबरात नाशिकची पहाट चांगली गारठ्याची असते, सुरुवातीला पूर्ण बोटांचे ग्लोव्हज घाला, गार पडलेली बोटं मूठ जास्त आवळतात. आणि कार्यक्रम आठवड्यावर असताना मला हा बेत मुळात पटत नाही. बधिरपणा उरलाच तर तो जायला किती दिवस घेईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. बीआरएम परत येतात, जानेवारीतली करा.

माझा मुलगा १३ वर्षांचा, व्हायोलिन शिकतो. शाळा आणि क्लास गिअरच्या सायकलने, व्हायोलिन पाठीवर. हल्ली डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखतं म्हणतो. क्लासच्या सरांना वाटतं पकड चुकतेय. – आई, ठाणे

पकड सरांनी बघावीच, पण तुम्ही आज संध्याकाळी खाली जाऊन सायकलचा डावा गिअर स्वतःच्या अंगठ्याने बदलून बघा. डावा गिअर पुढची चेन एका चाकीवरून मोठ्या चाकीवर चढवतो आणि सगळ्यात जास्त जोर त्यालाच लागतो, त्यात केबल गंजलेली असेल तर मोठ्या माणसाचाही अंगठा दुखतो. मुलं गंमत म्हणून रस्ताभर गिअर बदलत असतात. अंगठा वर उचलणाऱ्या दोऱ्या म्हणजे टेंडन मनगटाच्या कडेने एका अरुंद नळीतून जातात, तिथे घासून घासून सूज येते.

त्याला सांगा पुढचा गिअर मधल्या चाकीवर ठेवायचा आणि हात लावायचा नाही, शाळेला जायला मागचे गिअर पुरतात. गिअर आणि ब्रेक दोन्हीच्या केबल बदलून घ्या, स्वस्तात होतं आणि फरक लगेच कळतो. ब्रेकच्या लिव्हरला आत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो, लहान हाताला हे फार गरजेचं आहे, नाहीतर प्रत्येक ब्रेकला तो अख्खा हात ताणतो. आणि सायकल पुढची दोन वर्षं पुरावी म्हणून मोठी घेतली असेल, आपण सगळे तसंच घेतो, तर हँडल त्याच्यापासून लांब आहे, सीट पुढे सरकवा आणि तरी पुरत नसेल तर सायकल बदला. पाठीवर व्हायोलिन आणि दप्तर दोन्ही असेल तर दप्तर कॅरिअरला बांधा, पाठीवरचं सगळं ओझं वाकल्यावर हातांवर उतरतं.

दुखणं उतरेपर्यंत अंगठ्याला आराम, बर्फाचा शेक आणि रियाज थोडा थोडा वेळ. दोन आठवड्यांत कमी नाही झालं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखतंय असं तो स्वतःहून सांगतोय हे चांगलं आहे, त्याला त्यावरून बोलू नका.

पावसात खड्डा दिसला नाही, सायकलवरून उजव्या हातावर पडलो. एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले, क्रेप बँडेज दिलं. आठ दिवस झाले, अंगठ्याच्या मुळाशी अजून दुखतं. सतार वाजवतो, मिजराब (तार छेडायची बोटात घालायची नखी) चढवलं की कळ येते. तेल लावून मालीश करून घेऊ का?

मालीश अजिबात नको, कोणाकडूनच नको. तुमचं पत्र मिळाल्यावर तुम्हाला लगेच कळवलंय, पण बाकीच्यांसाठी इथे छापते. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो, त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलेलं असू शकतं आणि ते पहिल्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. म्हणून दहा ते चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात, आणि तोपर्यंत हाड मोडलंय असंच समजून प्लास्टर किंवा स्प्लिंट ठेवतात. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकाने मिळतं, त्यामुळे मोडून तसंच राहिलं तर मनगटाकडचा तुकडा मरू शकतो, मग मनगट कायमचं दुखरं. सतारीला उजवं मनगट म्हणजे सगळं काही, दा रा चा प्रत्येक आघात तिथून येतो. डॉक्टरांना 'स्कॅफॉइडचे व्ह्यू काढा' असं स्पष्ट सांगायला लाजू नका.

तबला शिकतो. सायकलसाठी आणि रियाजासाठी हाताची ताकद वाढावी म्हणून स्प्रिंगचा हँडग्रिप घेतलाय, रोज किती वेळा दाबू? – विद्यार्थी, औरंगाबाद

दाबू नका. सायकलवर मूठ आवळली जाते ते सैल करायला शिकायचंय, तबल्यावर बोटं सुटी आणि हलकी हवीत, आणि हा स्प्रिंग दोन्हीच्या उलट सवय लावतो. बोटांना एक जाडसर रबरबँड घाला आणि बोटं फाकवा, हळू, न दुखता, हाताला घट्ट बंद करण्यापेक्षा उघडायचा व्यायाम द्या. ग्रिप कुणा पैलवान मित्राला देऊन टाका.